हात लावायचा नाही

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी असेल तर माझी जीभ झडून जावो. हैदराबादेत नारायणगुड्याच्या त्या खोलीत मी स्वतः बसलेलो आहे, ती बरणी या डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि श्रीपती माझ्याशी शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलत होता.

आता बरणी पाहिलेली नाही, हे कबूल करतो. खोलीतही गेलेलो नाही. त्या साली मी रांगत होतो, आणि तेही परभणीला. पण श्रीपतीची मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. यापेक्षा कमी ओळखीवर लोकांनी चरित्रं लिहिली आहेत. एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली आहे. कोणती, ते ओळखता आलं तर बघा.

१

हैदराबाद राज्याची वाटणी झाली ते साल. तेलंगण आंध्राकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे. जमिनीमागोमाग माणसंही वाटली गेली. आबिड्सजवळच्या एका सरकारी कचेरीत मराठी विभाग होता. तिथली टेबलं उचलून नेली की फरशीवर चार पायांचे फिकट डाग राहायचे. श्रीपती त्या डागांमध्ये बसून काम करायचा. तो मूळचा बिलोलीकडचा, पण मराठवाडा मुंबईत जावो नाहीतर लंडनात, आपण गावाकडे फिरायचं नाही हे त्याने ठरवून टाकलं होतं. गावात त्याच्या बापाला पाणी वरून ओतून मिळायचं.

कचेरीत वरून ओतत नव्हते. कायदा झाला होता. फक्त श्रीपतीचा पेला खिडकीत वेगळा असायचा. तो तिथे कुणी ठेवला हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तिथून कुणी उचलतही नव्हतं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या एकनाथरावांनी सगळ्यांदेखत तो पेला उचलला, सुरईतलं पाणी भरून प्याले आणि धुऊन सुरईशेजारी पालथा घातला. कचेरीत त्याला 'श्रीपतराव' म्हणणारेही तेच एकटे.

पण एक गोष्ट श्रीपतीच्या नजरेतून सुटली नव्हती. एकनाथराव कागद हातात देत नसत. टेबलावर ठेवायचे आणि डाव्या हाताने पुढे सरकवायचे. ज्याच्यापुढे जन्मभर वस्तू खाली ठेवल्या गेल्या आहेत त्याला ते लांबून कळतं. कापसाच्या गावचा देशमुख तो, श्रीपतीने मनाशी म्हटलं. पाणी पिईल, बोट लागू देणार नाही.

एकनाथराव औरंगाबादच्या वाट्याला गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी श्रीपतीच्या टेबलावर ठेवलं आणि कोपराने पुढे ढकललं. आत इराण्याच्या बेकरीत असते तसली बिस्किटांची मोठी काचेची बरणी होती. पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. तळाला माती, मातीवर पालथी करवंटी आणि करवंटीशेजारी तळहाताएवढा एक कोळी. राखाडी, पायांवर पिवळे पट्टे, अंगभर केस.

"श्रीपतराव, एवढा सांभाळा. मला तिकडे न्यायचा नाही."

"हे काय आणि?"

"नल्लमल्लाच्या जंगलातला आहे. इंग्रज लोक टॅरँटुला म्हणतात, हौसेने पाळतात."

"चावतो?"

"नाही. चावला असता तर बरं झालं असतं."

"खायला काय?"

"एखादं झुरळ टाका. नाही टाकलं तरी चालतं." मग त्यांनी पत्र्यावर डाव्या हाताचं बोट टेकवलं. "एकच सांगतो. हात लावायचा नाही."

"कुणी? मी?"

"कुणीच नाही," एकनाथराव म्हणाले. पण श्रीपतीच्या कानांनी ते घेतलंच नाही. पहिले तीन शब्द त्या कानांच्या फार ओळखीचे होते. देवळाच्या पायरीवर, गावच्या आडावर, शाळेतल्या माठापाशी त्याने ते ऐकले होते. आता कोळ्याबद्दलही?

बरणी बगलेत मारून तो घरी निघाला.

२

नारायणगुड्यात हलीमाबी नावाच्या विधवेच्या घरामागे दोन खोल्या होत्या. तिथे श्रीपती, त्याची बायको पंचफुला आणि तान्ही खेमा. मुलीचं नाव श्रीपतीने पालीच्या पुस्तिकेतून काढलं होतं. त्याच हिवाळ्यात दोघांनी सिकंदराबादला जाऊन पंचशील घेतलं. पांढरं लुगडं नेसलेली पंचफुला परत येताना रिक्षात म्हणाली होती, "अवो, आजपासून आपण कुणाचेच नाही, आपले आपण."

बरणी तिने कमरेवर हात ठेवून पाहिली.

"मारता येत नाही म्हणून पाळायचं व्हय?"

"जीव आहे. राहू दे."

"शील तुम्ही घ्या आन् झुरळं मी धरू?"

"मी धरीन."

"आन् ते बोट कशाला झाकणाला? हात नका लावू म्हणले ना ते सायेब?"

श्रीपतीने झाकण काढून खाली ठेवलं. "पंचफुला, माझ्या घरात असा जीव राहणार नाही की ज्याला कुणी शिवत नाही. हे माझं सहावं शील समज."

"त्याला इचारलं का?"

"काय?"

"तुम्ही शिवलेलं त्याला पायजे का, ते."

हलीमाबी दारातून डोकावून गेली. तिचं मत तिने न मागता दिलं. "श्रीपती भाई, काइकू हात लगारे उसकू? उने चुप बैठा है, बैठने देव. तुमना कोई सोते में उठाए तो अच्छा लगता क्या?"

त्याने बाही वर सारली आणि उजवा हात बरणीत घालून तळवा वर करून मातीवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाय बोटांच्या टोकाला टेकला, उचलला, पुन्हा टेकला. परक्या घरात माणूस पाऊल ठेवतो तसा. मग दुसरा, तिसरा. पायांखाली मांजरासारखी मऊ गादी होती. सबंध कोळी तळव्याच्या खळग्यात येऊन बसला. वजन ओल्या कापसाच्या बोळ्याएवढं. श्रीपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. याला माझी शिसारी नाही, त्याच्या मनात आलं.

"बघितलंस?"

पंचफुला खेमाला खांद्यावर थोपटत चुलीपाशी उभी होती. "काय बघायचं? बरणीत हात घालून बसलाव नुसते."

३

रोज संध्याकाळी कचेरीतून आला की पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि बरणीत हात घालायचा, असा त्याचा नेम झाला. शेजारच्या गिरणीची घरघर थांबली की खोलीत एकदम शांतता व्हायची. त्या शांततेत तो बसायचा. तळव्यावर वजन आलं की डोळे मिटायचा.

झुरळाची गोष्ट आधी पंचफुलाच्या ध्यानात आली. श्रीपतीने टाकलेली झुरळं मरत नव्हती. बरणीत सुखाने फिरायची, कोळ्याच्या पाठीवरून जायची, करवंटीत झोपायची.

"यानं बी पंचशील घेतलं वाटतं," ती म्हणाली. श्रीपती हसला. मग म्हणाला, "पोट भरलेलं असेल."

"कशानं?"

दुसरी गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. एका संध्याकाळी कोळ्याला मातीवर सोडून, झाकण लावून तो जेवायला बसला. भाकरी मोडायला हात पुढे केला, तर तळव्यावर वजन होतंच. ओल्या कापसाच्या बोळ्याएवढं. त्याने हात उलटा केला, झटकला. तळवा रिकामा होता. वजन मात्र तिथेच, खळग्यात.

दिवसभर टोपी घातली की काढल्यावरही ती डोक्यावर असल्यासारखी वाटते, हे त्याने स्वतःला समजावलं. अंगठी काढली तरी बोट तिला विसरत नाही. कातडीलाही आठवण असते. यात काय आहे? त्याने डाव्या हाताने भाकरी मोडली.

पुढे कचेरीत लिहितानाही ते वजन राहू लागलं. टाक धरायला अडचण व्हायची. मुठीत कुणीतरी झोपलेलं असावं आणि त्याला चेंगरायचं नाही, अशा बेताने तो लिहायचा. अक्षर बिघडलं. काम संपलं की हात टेबलावर आपोआप उताणा पडायचा, बोटं किंचित वर वळलेली. तो हात कशाची तरी वाट बघत पडून असायचा. शेजारच्या टेबलावरचा तेलुगू कारकून एकदा म्हणाला, "काय श्रीपती गारू, प्रसाद मागता की काय?"

४

खेमा रडकी होती. पोटात वात धरायचा, पाय पोटाशी घेऊन ती किंचाळायची. एका दुपारी, रविवार होता, पंचफुला धुणं घेऊन नळावर गेली होती. श्रीपतीने झोळीत हात घातला आणि पोरीच्या पोटावर उजवा तळवा ठेवला.

रडणं तिथल्या तिथे थांबलं. हुंदका नाही, कुरकुर नाही, काही नाही.

पंचफुला आली तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "बघ, माझ्या हाताला गुण आहे."

तिलाही आधी बरंच वाटलं. संध्याकाळी पोर रडली की तीच म्हणायची, "अवो, तुमचा हात द्या." तो द्यायचा. पोर गप्प. पंचफुला निवांत भाकरी थापायची. या दिवसांइतकं सुख त्या घरात पूर्वी नव्हतं आणि नंतरही आलं नाही. श्रीपती त्या लहानग्या पोटावर हात ठेवून बसे. आपल्या बापाचा हात आपल्या पोटावर असा कधी पडला होता का, ते आठवे. मोठेपणी ही मुलगी कुणाच्याही हाताला हात देईल, असं मनात म्हणे.

मग एकदा पंचफुला पिठाचे हात तसेच घेऊन झोळीपाशी आली आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"हात काढा."

"का? झोपलीय."

"हात काढा म्हणते ना."

त्याने हात काढला. खेमाने मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा, आणि मग रडली. पंचफुलाने तिला उचलून छातीशी धरलं. पिठाची बोटं पोरीच्या पाठीवर उमटली.

"तिचे डोळे उघडे असतात," ती हळू आवाजात म्हणाली. "ती झोपत नाही. ती थांबते."

"तान्ही पोरं असं करतात."

"करीत नाहीत."

श्रीपतीने बरणीकडे पाहिलं. कोळी जिथे होता तिथेच होता. मला वेड लागत चाललंय की हिला, याचा तो शांतपणे विचार करू लागला. हाताने पोटाला ऊब मिळते, ऊब मिळाली की पोर गप्प होतं, गप्प पोराचे डोळे उघडे असू शकतात. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहिली तर तिचं काही बिघडलेलं नव्हतं.

तळवा मात्र खाजू लागला होता. कातडी सुकून धुरकट झाली होती, जुन्या काचेसारखी. एका सकाळी बरणीत हात घातला असताना त्याला एकदम गार वाटलं. ओली, घट्ट बाही अंगातून निघाल्यावर वाटतं तसं. इतकं हलकं आणि इतकं बरं, की त्याला भीती वाटली. हाताकडे न बघता त्याने तो कोटाच्या खिशात घातला आणि कचेरी गाठली. दिवसभर तो हात त्याने बाहेर काढला नाही. लिहायचं काम दुसऱ्यावर ढकललं.

५

त्याच दिवशी एकनाथराव औरंगाबादहून उरलेल्या कामांसाठी आले होते. आबिड्सच्या इराणी हॉटेलात दोघे समोरासमोर बसले. वेटर कप एकनाथरावांच्या हातात देऊ लागला, तर ते म्हणाले, "मेज पे रखो." वेटरने ठेवला. मग त्यांनी तो डाव्या हाताने जवळ ओढला.

श्रीपती पाहत राहिला. वेटर ओळखीचा नव्हता. मुसलमान की इराणी की आणखी कोण, हे एकनाथरावांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"एकनाथराव, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुम्ही हातात काही देत नाही. घेतही नाही. माझ्याच बाबतीत असं आहे, अशी माझी समजूत होती."

एकनाथरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तुम्हाला वाटलं, मी तुमचा विटाळ धरतो?"

"हो."

"आणि म्हणून तुम्ही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. श्रीपतीच्या खिशाकडे पाहिलं. मग आपला उजवा हात टेबलाखालून वर आणला आणि उताणा ठेवला.

तळव्यावर एकही रेघ नव्हती. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, बोटांच्या पेरांवरच्याही नाहीत. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा तो तळवा गुळगुळीत होता. बोटं किंचित वर वळलेली.

"गेल्या वर्षी आई गेली," एकनाथराव म्हणाले. "शेवटी तिने माझा हात मागितला. मी दिला नाही. गावाने तोंडात शेण घातलं माझ्या."

"द्यायचा होता. शेवटच्या वेळी काय झालं असतं?"

"बायकोला दिला होता."

ते इतकंच बोलले आणि बशीत चहा ओतू लागले. बशी काठोकाठ भरली तरी ओतत राहिले. श्रीपतीला ठाऊक होतं की एकनाथराव विधुर आहेत. कशाने, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तिला डोकेदुखी होती," थोड्या वेळाने ते म्हणाले. "कपाळावर हात ठेवला की शांत पडायची. मी सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. झोपली नव्हती ती, श्रीपतराव." त्यांनी हात पुन्हा टेबलाखाली नेला. "घरी लहान मूल आहे ना तुमच्या?"

६

आबिड्सपासून नारायणगुड्यापर्यंत तो चालत आला. हात खिशात. खिशाच्या अस्तरावर बोटं एकेक करून उचलली जात होती आणि एकेक करून टेकत होती. आपणच ती हलवतो आहोत, असं तो वाटेत मनाशी घोकत होता. मग त्याने न हलवण्याचा प्रयत्न करून पाहिला, आणि पुढे तो प्रयत्न सोडून दिला.

घरात ऊन अजून होतं. पंचफुला मागच्या दारी नळावर होती, बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. झोळी स्थिर होती. बरणी खिडकीत.

त्याने वाकून पाहिलं. कोळी नेहमीच्या जागी होता. एक झुरळ त्याच्या डोक्यावर बसून मिशा हलवत होतं. करवंटी मात्र जराशी कलली होती. तिच्याखाली काहीतरी सारलेलं होतं, फिकट, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, घडी पडलेलं. काचेला नाक लावल्यावर त्याला कडा दिसली. कडेला लांबट, पोकळ असं काही होतं. त्याच्या टोकाला नख असावं तसं चमकलं. त्याच्या शेजारी आणखी एक. आणि पातळ कातडीवर, उन्हाच्या कवडशात, एक रेघ. अंगठ्याच्या मुळाला वळसा घालून मनगटाकडे जाणारी. ती रेघ तो ओळखत होता. लहानपणी विळा लागून तिच्या मधोमध आडवी खूण पडली होती. ती खूणही तिथे होती.

त्याने बरणीवर पंचा टाकला. मग खिशातून हात काढला आणि बघितला.

बघायला काही नव्हतं. अगदी काहीच नव्हतं त्यावर.

७

तेवढ्यात खेमा रडली.

पोटातलं जुनं दुखणं. आधी कुरकुर, मग ती किंकाळी. श्रीपती उठला. आपण उठलो की हात आधी उठला, हे त्याला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. दोन्ही पाय झोळीकडे चालले होते. उजवा हात त्याच्या पुढे होता, तळवा खाली, बोटं पसरलेली. खळग्यातलं वजन आता नव्हतं. खळगा रिकामा होता, आणि भुकेला होता.

"हात लावू नका."

पंचफुला मागच्या दारात उभी होती. बादली तिच्या हातातून सुटून पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं.

त्याने हे शब्द पुष्कळ तोंडांनी म्हटलेले ऐकले होते. पुजाऱ्याच्या, पाटलाच्या, मास्तराच्या. पण रडत रडत म्हटलेले कधी ऐकले नव्हते. आणि म्हणणाऱ्याचं बरोबर आहे, असंही आजवर कधी झालं नव्हतं.

"पंचफुला, ती माझी पोर आहे."

"ठाव हाय मला. मागं सरा. पाया पडते, मागं सरा."

तो मागे सरला. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरत गेला आणि उजवा हात पाठीमागे घेऊन त्यावर स्वतःच्या अंगाचा भार टाकला. पंचफुलाने खेमाला उचललं. पोर रडत होती, चांगली मोठ्याने रडत होती. ते ऐकत तो भिंतीशी उभा राहिला.

त्या रात्रीपासून पंचफुला त्याचं ताट जमिनीवर ठेवून पुढे सरकवू लागली. भाकरी वरून सोडायची, पाणी वरून ओतायची. ओतताना तोंड फिरवून घ्यायची, रडताना दिसू नये म्हणून. श्रीपती ओंजळ धरायचा. त्याचा बाप धरायचा तशीच. तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. मुलीच्या लग्नात अक्षता त्याने दारातून टाकल्या, डाव्या हाताने.

आता पदरचं कोणतं ते सांगून मोकळा होतो.

खेमाताई सिकंदराबादला एका शाळेत शिकवतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. अंगावर पदर लपेटून घ्यायची त्यांची सवय आहे, उजवा हात आत असतो. त्यांनी मला जे सांगितलं तेच मी लिहिलं, फक्त कोळी जिवंत आहे, हे माझं. मेलेल्या वस्तूची गोष्ट कोण ऐकणार, म्हणून मी त्याला चालवला. खरं तर एकनाथरावांनी दिलं तेव्हाच बरणीत कोळी नव्हता. कोळी टाकतो ती सबंध कात होती, पायांपासून केसांपर्यंत जशीच्या तशी, आतून पोकळ. झुरळांना ते कळलं होतं. पंचफुलाबाईंनाही. श्रीपतीच्या तळव्यावर रोज संध्याकाळी काय येऊन बसायचं, ते मला विचारू नका.

"आई म्हणायची, बरणी आली तेव्हा आत एकच कात होती," खेमाताई म्हणाल्या. "बाबा गेल्यावर धुवायला काढली तर तीन निघाल्या."

"तीन?"

"एक ती कोळ्याची. एक बाबांची." त्यांनी पदर आणखी लपेटून घेतला. "तिसरी अगदी लहान होती."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला होता. तो टेबलावर ठेवला आणि पुढे सरकवला.